दाजी डॉक्टरांच्या दोन खुर्च्या

तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी पत्रं पुष्कळ लिहिली. औषधं संपली म्हणून लिहिली, जीप बंद पडली म्हणून लिहिली, आणि आरोग्य केंद्राचं छप्पर बाळंतिणीच्या खाटेवर गळतं म्हणून तर ओळीने तीन पावसाळे लिहिली. त्यांपैकी एकाच पत्रावर वरच्या कचेरीने कार्यवाही केली. ते पत्र मी करंजखोलच्या दाजी डॉक्टरांच्या विरोधात लिहिलं होतं. बाकीची पत्रं जिथे गेली तिथेच हेही गेलं असतं तर बरं झालं असतं. पण नेमकं तेवढ्या एका पत्रापुरतं सरकार जागं होतं.

करंजखोल म्हणजे मालवण आणि देवगड यांच्या मधल्या एका खाडीच्या आतल्या अंगाला लपून बसलेलं गाव. माड, काजू, थोडी भातशेती. हमरस्त्यावरून गावात जायचं तर आधी चालायचं, मग होडीत बसायचं, मग पुन्हा चालायचं. अशा गावात दाजी तिरोडकर नावाचा डॉक्टर पंचवीस वर्षं टिकला होता, तो एका जुन्या योजनेमुळे. खेड्यात जाऊन राहणाऱ्या खाजगी डॉक्टरला लोकल बोर्ड थोडं अनुदान द्यायचं आणि एक कपाट भरून औषधं द्यायचं. त्या बदल्यात त्याने सकाळी अकरापर्यंत गोरगरिबांना फुकट तपासायचं. अकरानंतर तो त्याच्या घरचा राजा. म्हणजे दाजी अकरा वाजेपर्यंत सरकारी आणि अकरानंतर खाजगी.

मी मात्र चोवीस तास सरकारी होतो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, मी नुकताच डॉक्टर झालो होतो आणि हमरस्त्यावरचं प्राथमिक आरोग्य केंद्रही नुकतंच झालं होतं. तिघांनाही आपण देशाचं आरोग्य बदलून टाकणार याबद्दल शंका नव्हती. मी मूळचा सावंतवाडीचा. पण मुंबईत पाच वर्षं काढल्यामुळे कोकणातल्या उकाड्यात टाय लावून हिंडत असे. ‘खाजगी’ हा शब्द मी त्या काळात शिवीसारखा उच्चारायचो. औषध हे सरकारने द्यावं, ते सर्वांना सारखं मिळावं आणि ते देणाऱ्या माणसाच्या गळ्यात टाय असावा, इतकी माझी मतं पक्की होती.

भागातल्या अनुदानित डॉक्टरांची तपासणी करून, आता केंद्र झाल्यावर यांची गरज उरली आहे का, हे कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी खूश झालो. पहिल्याच आठवड्यात करंजखोल गाठलं. होडीतून उतरताना पाय चिखलात गुडघ्यापर्यंत गेला. पाय वर आला, बूट आला नाही. दुसरा बूट हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवर उभा राहिलो. आत एक बुटका, टकला, धोतरावर कोट घातलेला आणि कोटाच्या आत काहीच न घातलेला माणूस एका म्हातारीची नाडी बघत बसला होता. त्याने मान वर केली.

“येवा, येवा. एक बूट आमच्या खाडयेक दिलात?”

मी माझं पद सांगितलं. ते ऐकून त्यांनी घाईघाईने कोटाचं वरचं बटण लावलं. माझ्या अधिकाराचा त्यांच्यावर झालेला एवढाच परिणाम मला कधी दिसला.

दवाखान्यात एक टेबल होतं आणि टेबलामागे दोन खुर्च्या. एक साधी लाकडी, पाठीवर पांढऱ्या रंगात बोर्डाचा नंबर. दुसरी हातांची, वेताची, दाजींना सासऱ्याकडून मिळालेली. दाजी नंबरवाल्या खुर्चीत बसले होते. थोड्या वेळाने रेशमी कोट घातलेले एक बागायतदार पोट दाबत आत आले. दाजी उठले आणि वेताच्या खुर्चीत जाऊन बसले.

“बोला शेट. काय होता?”

शेटनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. “दाजी, अजून अकरा वाजूक नाय.”

“तुमचे वाजले. पोटाचा सांगा.”

अकरा वाजून गेले. मी घड्याळ बघतच होतो. तेवढ्यात बाबलो आला. बाबलो गावचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. दहा-बारा घरांचे माड तो पाडायचा आणि त्यावर त्याच्या घरची पाच तोंडं जेवायची. काळा, काटकुळा, हसरा. हाताला माडाचं झाप लागून मोठी जखम झाली होती. त्याला दारात पाहताच दाजी गुडघ्यांवर हात टेकत कण्हत उठले.

“थांब रे बाबल्या, खुर्ची बदलतंय.”

आणि पुन्हा नंबरवाल्या खुर्चीत बसून त्यांनी बोर्डाच्या कपाटातल्या औषधाने जखम बांधली. मी असेपर्यंत दाजी सात वेळा उठले आणि सात वेळा बसले. मी प्रत्येक वेळ वहीत टिपली. सरकारी वेळेत खाजगी खुर्चीचा वापर. खाजगी वेळेत सरकारी खुर्चीचा वापर. असा सज्जड पुरावा हाती लागल्यावर माझ्यासारख्याला उकळ्या फुटायच्याच.

“गरीब कोण हे तुम्ही ठरवता कसं?” मी विचारलं. “नियमाप्रमाणे दाखला लागतो.”

“दाखलो कित्याक? माणूस उंबरो ओलांडताना तेच्या पायांकडे बघतंय. पाय खोटां बोलनत नाय.” एवढं म्हणून त्यांनी माझ्या चिखलाने माखलेल्या, बूट नसलेल्या पायांकडे पाहिलं. “आता तुमकाच बघा. तुमी फुकटातले.”

बाबलो खो खो हसला. त्याच्या हसण्याचीही मी वहीत नोंद केल्याचं आठवतं.

त्या दिवशी जरा डोळे उघडे ठेवले असते तर मला आणखीही काही दिसलं असतं. करंजखोलच्या बहुतेक रोग्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून दाजी औषधाच्या बाटलीच्या गळ्याला सुंभाचा तुकडा बांधायचे आणि त्याला गाठी मारायचे. दिवसाला तीन गाठी, तीन दिवसांच्या नऊ. एक डोस घेतला की एक गाठ सोडायची. गाठी संपल्या की बाटली घेऊन यायचं. आमच्या केंद्रात छापील चिठ्ठ्या होत्या, ‘दिवसातून तीन वेळा’ अशा. त्या वाचता न आल्यामुळे एका गृहस्थाने लवकर बरं वाटावं म्हणून अख्खी बाटली केंद्राच्या पायरीवरच संपवली होती. तरीही मी अहवालात लिहिलं, ‘बाटल्यांवर छापील सूचना आढळल्या नाहीत.’

रोग्याला धीर देण्याची दाजींची एक ठरावीक पद्धत होती. तपासून झालं की ते रोग्याच्या गुडघ्यावर थाप मारायचे आणि म्हणायचे, “मरूचंस नाय. पण पेज खावची लागतली.” ज्याला खरोखरच धोका असे त्याला ते फक्त दुसरं वाक्य सांगायचे. मग घरची माणसं समजायची आणि त्याला इस्पितळात न्यायला डोली तयार करायची.

अहवालात मी लिहिलं: ‘सदर व्यावसायिक सरकारी व खाजगी यांमधील सीमारेषा स्वतःच्या मर्जीनुसार हलवितात. नूतन आरोग्य केंद्र अवघ्या दहा मैलांवर असल्याने सदर दवाखान्याची आवश्यकता उरलेली नाही.’ हे दहा मैल मी टेबलावर नकाशा पसरून पट्टीने मोजले होते. पट्टीखाली खाडी येत होती, पण ती निळ्या रंगात फार सुंदर दिसत होती.

याच सुमारास एका बागायतदाराच्या आईला ताप आला आणि संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन आलो. खाजगी रोगी तपासू नयेत म्हणून सरकार मला वेगळा भत्ता देत असे. मी फी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी हापूसची पेटी आली, ती भेट होती. मग आणखी दोन घरांतून भेटी आल्या. महिन्याची औषधं न्यायला दाजी केंद्रावर आले तेव्हा माझ्या बिऱ्हाडाच्या ओसरीवर क्षणभर थांबले आणि नाक वर करून म्हणाले, “देवगडचो हापूस दिसता. सरकारान पाठवल्यान?”

मी म्हणालो, “भेट आहे.”

“होय तर. माकाव नारळ भेटीतच येतत.” ते हसले आणि औषधांची खोकी उचलून चालू लागले. माझ्या बिऱ्हाडातही दोन खुर्च्या होत्या. फक्त मी एका खुर्चीत बसून दोन्ही कामं उरकत होतो.

पुढच्या थंडीत देवी टोचण्याची मोहीम निघाली. खाडीच्या तोंडाशी नांगरलेल्या एका गलबतावर देवीचा रोगी सापडला होता, त्यामुळे काठावरची गावं लगोलग टोचायची होती. करंजखोलसाठी मी गुरुवार ठरवला, दवंडीचा हुकूम पाठवला आणि पहाटे दोन टोचणारे आणि लशीचे थर्मास घेऊन निघालो. या वेळी बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या होत्या.

गावात शिरलो तर गावात कोणी नाही.

कोणी नाही म्हणजे अगदी कोणी नाही. घरं लोटलेली, गोठे रिकामे, अंगणात कोंबडी नाही, ओरडायला कुत्रं नाही. चुली थंड. मी शिट्टी वाजवली. पुन्हा वाजवली. देवळापाशी गेलो, ते बंद. शेवटी टोचणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, “साहेब, सुईच्या भयान गाव पळालो वाटता.” मला ते लगेच पटलं. वाईट वाटायच्या आधी मला थोडा अभिमानच वाटला. पाचशे माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी माझ्या एका हुकमाने परागंदा झाली होती. तिथेच पारावर बसून मी तालुक्याला चिठ्ठी लिहिली: ‘संपूर्ण गाव लस टोचून घेण्याच्या भीतीने पळून गेला आहे. पोलीस मदत पाठवावी.’ एका टोचणाऱ्याला ती घेऊन पिटाळलं.

तो गेल्यावर तासाभराने गावाच्या शिवेवरच्या व्हाळापलीकडून, म्हणजे ओढ्यापलीकडून, हाक आली.

“ओ डॉक्टरांनू! खंय आसात? भायर येवा!”

पलीकडच्या काठावर दाजी उभे होते. त्यांच्या मागे माळावर झावळ्यांच्या राहुट्या, चुलींचा धूर, गुरं, पोरं, कोंबड्या, अख्खं करंजखोल.

“तुम्ही इकडे या!” मी ओरडलो. “हा काय प्रकार आहे?”

“गावपळण आसा! तीन दिवस शिवेच्या आत पाय घालूचो नाय, देवाचो कौल आसा. मी कार्ड घातलेलंय तुमका!”

सावंतवाडीत जन्मून मला हे माहीत नसावं याची लाज मला आजही वाटते. आमच्याकडे गावपळण नाही. पण मालवणाकडच्या काही गावांत काही वर्षांनी एकदा देवाला कौल लावतात, आणि कौल झाला की माणसं गुराढोरांसकट गाव रिकामं करून शिवेबाहेर जाऊन राहतात. तारीख ऐन वेळी ठरते. दाजींनी पोस्टकार्ड टाकलं होतंच. पण खाजगी डॉक्टरांची पत्रं वेगळ्या फडताळात ठेवायची आणि ती शनिवारी बघायची, असा नियम मीच माझ्या कारकुनाला घालून दिला होता. त्या दिवशी गुरुवार होता.

“तुम्ही शिकलेले आहात,” मी काठावरून सुनावलं. “तुम्ही तरी या अंधश्रद्धेपायी अडून राहू नका. या इकडे, आपण बोलू.”

दाजी हलले नाहीत. “माझा सोडा. मी आत इलंय आणि उद्या कोणाच्या पोराक ताप इलो तर तो माझ्या पायान इलो असो होतलो. मगे माझ्या हातचा औषध कोण घेतलो?” मग दोन्ही हात तोंडाशी धरून ते म्हणाले, “डॉक्टरांनू, लस तुमच्याकडे आसा आणि माणसां माझ्याकडे आसत. कोणी तरी व्हाळ ओलांडूक व्हयो!”

मी बूट काढले आणि व्हाळ ओलांडला.

पलीकडे वेगळाच पेच होता. गावकरी म्हणाले, देवाच्या हुकमाने बाहेर बसलो असताना दुसऱ्या देवीचं काही करून घ्यायचं का, हे देवाला सांगितल्याशिवाय कसं ठरवायचं? मी जंतू, लस आणि राष्ट्र यांवर पाच मिनिटं बोललो. सगळ्यांनी आदराने ऐकलं आणि कोणीही जागचं उठलं नाही. दाजींनी गावच्या मुख्य मानकऱ्याला बाजूला घेतलं, त्याच्या हातात नारळ दिला. म्हातारा गावाकडे तोंड करून उभा राहिला आणि गाऱ्हाणं घालू लागला.

“बा देवा म्हाराजा, बारा-पाचाच्या म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्याच हुकमान शिवेभायर बसलीसत...”

“व्हय म्हाराजा!” सगळं गाव म्हणालं.

“आणि हो जो सरकारी डॉक्टर सुयो घेवन इलो, तो चुकान तुझ्या शिवेत पाय घालून गेलो. तेका कळना नाय. तेची चूक पदरात घे...”

“व्हय म्हाराजा!” मोठ्याने म्हणणाऱ्यांत दाजीही होते.

“तेच्या हाताक येस दी, आणि तुझ्या लेकरांका राखण कर...”

“व्हय म्हाराजा!” हे मीही म्हणालो. काय करणार, मागणं बरोबर होतं.

मग मानकरी माझ्याकडे वळून म्हणाला, “आता पयलो तुमी टोचून घेवा.” ही गोष्ट माझ्या भाषणात नव्हती. मी लोकांना टोचत आलो असलो तरी सुईला मी लहानपणापासून भितो. टाय सोडला, बाही वर केली, डोळे मिटले. दाजींनी स्वतः टोचलं आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, “मरूचंस नाय. पण पेज खावची लागतली.” मोठ्यांदा हसत सगळं गाव रांगेत उभं राहिलं. संध्याकाळच्या आत शेवटचं पोर टोचून झालं. मधल्या काळात माझ्या चिठ्ठीवरून दोन पोलीस धावत आले होते, त्यांनाही टोचलं. करंजखोलात त्या साथीत एकालाही देवी आल्या नाहीत.

परतलो तो थेट टेबलाशी गेलो आणि दुसरं पत्र लिहिलं: माझा आधीचा अहवाल अपुऱ्या माहितीवर होता, करंजखोलचा दवाखाना चालू ठेवणं अत्यंत आवश्यक आहे. पत्र लिहून मला एकदम पुण्यवान वाटलं. आठवडाभर मी दाजींचे गुण येईल त्याला ऐकवत होतो.

महिन्याने हुकूम आला, तो पहिल्या पत्रावरचा. लोकल बोर्ड जाऊन जिल्हा परिषद येत होती. घोळ मिटवण्यासाठी असे दवाखाने बंद करायचे होते आणि माझ्या अहवालामुळे करंजखोलचं नाव यादीत सर्वांत वर लागलं होतं. अनुदान बंद. औषधसाठा आणि सामान आरोग्य केंद्राच्या अधिकाऱ्याने, म्हणजे मी, ताब्यात घ्यावं. दुसऱ्या पत्राबद्दल कचेरीत विचारलं तेव्हा कळलं की ते विचाराधीन आहे.

मी सामान न्यायला गेलो तेव्हा दाजींनी कपाट पुसून ठेवलं होतं, बोर्डाची खुर्ची धुवून उन्हात वाळत घातली होती. त्यांच्या पत्नीने, माईंनी, मला घावणे खायला बसवलं. मी एक मोडला आणि ताट बाजूला सारलं.

“मी दुसरं पत्र लिहिलंय, दाजी.”

“माका ठावक आसा. कारकुनान सांगितल्यान.” ते माझ्यासमोर बसले. “तुमी वायट नाय, डॉक्टरांनू. तुमी पट्टयेन मोजलात, इतक्याच.” मग म्हणाले, “माझा काय अडणा नाय. तपासतलंय मी कोणाकव, फुकट तपासतलंय. पण पेनिसिलीन खंयसून हाडू? तां तुमच्या कपाटातसून येय.”

मी कपाट होडीत घातलं. काठावर वीस-पंचवीस माणसं उभी होती. कोणीतरी शिव्या दिल्या असत्या तर परतीचा प्रवास सोपा गेला असता.

त्यानंतरच्या प्रत्येक महिन्याच्या तक्त्यात करंजखोलच्या पुढे मी शून्य भरत गेलो. रोगी: शून्य. वरून शाबासकीचं पत्र आलं. या गावाचं आरोग्य उल्लेखनीय सुधारल्याबद्दल. शून्याचं खरं कारण मला समजत होतं, तरी ते पत्र मी फाडलं नाही. फाईलला लावलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात बाबलोच्या हातातला कोयता निसटला आणि पायावर पडला. खाडीला पूर होता, होडी नऊ दिवस बंद. दाजींनी जखम धुतली, बांधली, घरात होतं नव्हतं ते सगळं लावून पाहिलं. माझ्या नावाची पेनिसिलीनसाठीची चिठ्ठी काठावरच्या नावाड्याच्या झोपडीत पडून राहिली. पाणी उतरलं तेव्हा चौघांनी झोळीत घालून बाबलोला आणलं, आणि त्यांच्या सोबत गुडघाभर चिखलातून दाजी चालत आले. पाय काळा पडत चालला होता. माझ्या कपाटात पेनिसिलीनच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. मी बाबलोचा जीव वाचवला आणि पायाची दोन बोटं कापली.

आठवड्याने शुद्धीवर, तापातून बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, “डॉक्टरांनू, आठ बोटांनी माडार चढूक येता काय हो?”

मी खोलीबाहेर आलो. दाजी ओसरीवर उकिडवे बसले होते. ते मला काहीही म्हणाले असते तरी मी ऐकून घेतलं असतं. ते म्हणाले, “हातपाय धुवा. चाय घेवया.” मी त्यांच्यासमोर रडलो. नोकरीत असं एकदाच झालं.

पुढच्या मंगळवारपासून दाजी दर मंगळवारी केंद्रावर येऊ लागले. होडी, मग चाल, मग एसटी. सोबत तीन-चार रोगी. आत येऊन बसा म्हटलं तर यायचे नाहीत. ओसरीवर रोग्यांच्या रांगेत मांडी घालून बसायचे. “मी भितर इलंय तर ह्येंका वाटात, आपल्याक टाकून गेलो.” नंबर आला की रोग्याच्या मागे येऊन उभे राहायचे. करंजखोलची माणसं सरकारी साहेबासमोर कशालाही “बरां आसा” म्हणायची. साहेबाला आपलं दुखणं सांगणं त्यांना उद्धटपणा वाटे. म्हातारी मला सांगे, “काय नाय, बरां आसा,” आणि तिच्या खांद्यामागून दाजी चार बोटं दाखवून मिटलेल्या डोळ्यांवर हात ठेवत. म्हणजे चार रात्री झोप नाही. मग मी गंभीरपणे विचारत असे, “आजी, चार दिवस झोप नाही ना?” म्हातारी थक्क व्हायची. नवा डॉक्टर तोंड बघून रोग ओळखतो असा माझा लौकिक पार तळेऱ्याच्या बाजारापर्यंत गेला. मी तो नाकारला नाही.

जाताना दाजी केंद्राच्या बाटल्यांना सुंभाच्या गाठी मारत. पुढे माझा कंपाउंडर शिकला. मग मीही शिकलो. हापूसच्या पेट्या मी परत पाठवू लागलो. खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन पाठवताना जीव कासावीस झाला. बाबलोला केंद्रात पाणी भरायच्या कामावर लावता येईल का म्हणून पत्र लिहिलं, दवाखान्यासाठी तिसरं आणि चौथं लिहिलं. उत्तर आलं नाही. बाबलो माई-दाजींच्या अंगणात बसून झावळ्या विणायचा आणि मंगळवारी काठी टेकत रोग्यांबरोबर यायचा, सोबत म्हणून.

तीन वर्षं असं चाललं. मग एका मंगळवारी अकरा वाजले, एसटी येऊन गेली, करंजखोलचं कोणी उतरलं नाही. दुपारी बैलगाडी आली. गाडीत पेंढ्यावर दाजी आडवे होते आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बाबलो बसला होता. छातीत कळ आली होती, अंग घामाने थबथबलेलं. मी तपासणी टाकून धावलो. नाडी हाताला लागेना.

“लायनीत किती जणां आसत?” दाजींनी विचारलं.

“गप्प पडा, दाजी.”

“तां खरां. पण तेंका ताटकळत ठेव नकात.”

इंजेक्शन दिलं. आमच्याकडे आणखी काही करण्यासारखं नव्हतं. सावंतवाडीला न्यायला हवं होतं. त्या दिवशी जीप चालू होती. कारकून नवा होता, मुंबईहून आलेला. दुसरीकडे पाठवायच्या रोग्याचा कागद भरल्याशिवाय जीप सोडता येत नाही असं त्याने सांगितलं. हा नियम बरोबर होता. मीच केलेला होता. तो भराभर लिहू लागला. नाव. वय. गाव. मग सोबत जाणाऱ्याचं नाव. बाबलोने सांगितलं.

“रुग्णाशी नातं?” कारकुनाने विचारलं.

बाबलो गोंधळला. दाजी डोळे मिटूनच पुटपुटले, “शेजारी सांग रे. साहेबांका त्रास देव नको.”

“नाय,” बाबलो म्हणाला. त्याचा आवाज चढला. “शेजारी खंयचो? आमचो तो. आमचो लिवा.”

“अहो, असं नातं नसतं,” कारकून म्हणाला. “वडील, भाऊ, मालक, काय ते सांगा.”

“आमचो,” बाबलो पुन्हा म्हणाला. आता तो रडत होता.

मी कारकुनाच्या हातून कागद घेतला. नात्याच्या रकान्यात ‘आमचो’ लिहिलं, खाली माझी सही केली आणि शिक्का मारला. दाजींनी डोळे उघडून कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वाकून त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. काही तरी बोलायचं होतं, पण त्यांच्या त्या दोन वाक्यांतलं पहिलं माझ्या तोंडून निघेना आणि दुसरं काढायची हिंमत नव्हती. त्यांना ते कळलं असावं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाले, “भितर जावा, डॉक्टरांनू. लोकां बसलीसत.”

बाबलो मागे चढला, त्यांचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं. जीप सावंतवाडीच्या रस्त्याला लागली आणि मी आत जाऊन पुढचा नंबर पुकारला.